जवळपास नवी फॅमिली इस्टेट गाडी: ऑक्टाव्हिया घ्यावी की कोरोला? (इंग्लंड)

थेम्सकाठी

नमस्कार मंडळी.

आम्ही रेडिंगला राहतो. घरात आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात आणि चार-पाच महिने आमच्याकडे राहतात. सध्याची छोटी हॅचबॅक आता पुरत नाही, म्हणून इस्टेट, म्हणजे छत मागपर्यंत जाणारी लांब डिकीची गाडी, घ्यावी असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. एसयूव्हीचा विचार करून झाला, पण त्याच पैशांत इस्टेटची डिकी मोठी मिळते, पेट्रोल कमी लागते आणि मोटरवेवर गाडी अधिक स्थिर वाटते, असे आमचे मत झाले.

कोरी गाडी घ्यायची नाही. पहिल्या वर्षात किमतीची जी मोठी घसरण होते ती आधीच होऊन गेलेली असावी, पण कारखान्याची वॉरंटी शिल्लक असावी, असा हिशेब आहे. बजेट जास्तीत जास्त २३ हजार पौंड. त्यात बसणाऱ्या दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २४ प्लेटची (मार्च ते ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदलेली) स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, १.५ लिटर पेट्रोल, माइल्ड हायब्रिड, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, डिकी ६४० लिटर. दुसरी २४ प्लेटची टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स, १.८ हायब्रिड, डिकी ५९६ लिटर. ऑक्टाव्हिया साधारण दीड हजार पौंडांनी स्वस्त आहे.

वापर असा: रोज शाळा आणि स्टेशन, आठवड्यातून दोनदा एम४ मोटरवेवरून ऑफिस, सुट्टीत वेल्स किंवा कॉर्नवॉल. यातली कोणती घ्यावी, आणि वर्ष-दीड वर्ष वापरलेली गाडी डीलरकडून घेताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

सुमेधा_लेस्टर

आमच्याकडे ऑक्टाव्हिया इस्टेटच आहे आणि माझे मत निःसंदिग्धपणे तिच्याच बाजूने आहे. माझे यजमान सहा फुटांहून उंच आहेत. ते पुढे आरामात बसल्यावरही त्यांच्या मागे मुलाची सीट लावून पाय मोकळे राहतात. या आकाराच्या गाड्यांत हे सहसा जमत नाही.

डिकीबद्दल एक सांगते. लिटरचे आकडे बहुधा डिकीवरच्या पडद्याच्या उंचीपर्यंत मोजलेले असतात, आणि आपण सामान भरतो ते आकारांत. आमच्या मंडळाच्या ढोलपथकाचे ढोल गणपतीच्या दिवसांत आमच्याच गाडीतून जातात. मागच्या सीट पाडल्या की दोन ढोल आडवे, त्यांच्यावर जुनी गोधडी, बाजूला ताशे आणि टिपऱ्यांची पिशवी असे सगळे बसते. तोंडाचा काठ ठोकरू नये म्हणून ढोल सरकवत आत न्यावा लागतो, तिथे इस्टेटच्या डिकीचा उंबरठा खाली असण्याचा फार उपयोग होतो. हेच एका ओळखीच्यांच्या उंच एसयूव्हीत चढवताना दोन माणसे लागतात.

दर्यावर्दी

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न राहिला आहे. तुम्ही चौघे आणि आई-बाबा मिळून सहा जण होता. दोन्ही इस्टेट पाच जणांच्या आहेत. शिवाय मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी नऊची, म्हणजे दोघांनाही सीट लागणार. इथल्या नियमाप्रमाणे मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातले जे आधी होईल तोपर्यंत, चाइल्ड सीट बंधनकारक आहे. दोन चाइल्ड सीटच्या मधोमध प्रौढ माणूस बसवून वेल्सला नेणे हा त्या माणसावर अन्याय आहे. वर्षातले पाच महिने जी गाडी कुटुंबाला पुरणार नाही, ती फॅमिली कार म्हणून का घ्यायची?

थेम्सकाठी

दर्यावर्दी, प्रश्न रास्त आहे आणि आमच्याकडेही त्यावर बरीच चर्चा झाली. आई-बाबा असतात तेव्हा सहाही जण एकाच वेळी गाडीत असण्याचे प्रसंग मोजकेच येतात. बाबांना रोज बाहेर पडायला बस आवडते, आईला देवळात आणि भाजीला जायचे असते आणि तेव्हा आमच्यापैकी एकच जण सोबत असतो. खरी अडचण लांबच्या सहलीची आहे.

ग्यानबा

मग डाशिया जॉगर पाहा. ती दिसायला इस्टेटच्या जवळची आहे, सात जण बसतात आणि तुमच्या बजेटमध्ये बहुधा कोरीच मिळेल.

निळी_छत्री

ग्यानबा, जॉगर किमतीच्या मानाने उपयोगी गाडी आहे हे मान्य, परंतु दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. सातही सीट उभ्या असताना तिची डिकी १६० लिटरच उरते, म्हणजे सहा माणसे नेली की सामान छतावर. दुसरे म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅपने २०२१ साली तिला एकच तारा दिला होता. तिसऱ्या रांगेला सीटबेल्टची सूचना नसणे हे त्यामागचे एक कारण होते, आणि तिसऱ्या रांगेत बसणार कोण, तर मुले किंवा आजी-आजोबा. ऑक्टाव्हिया आणि कोरोला या दोघींना २०१९ च्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. चाचण्यांची वर्षे आणि निकष बदलत असल्याने ताऱ्यांची थेट तुलना जपून करावी लागते, तरी एक आणि पाच यांतला फरक मी तरी दुर्लक्षिणार नाही.

उत्तरायण

सहा जणांच्या प्रश्नावर आम्ही काढलेला मार्ग सांगतो. आम्ही इस्टेटच ठेवली आणि आई-वडील आले की मोठ्या सहलीपुरती सात जणांची गाडी भाड्याने घेतो. वर्षभर मोठी सात आसनी गाडी बाळगण्याचा जो जादा खर्च आहे, म्हणजे खरेदीची किंमत, विमा, टायर आणि इंधन, त्याच्या तुलनेत वर्षातल्या एक-दोन सहलींचे भाडे कितीतरी कमी पडते. शिवाय भाड्याची गाडी खरोखर सहा प्रौढांच्या मापाची घेता येते.

आता मूळ प्रश्न. तुमचा वापर वाचून मी कोरोलाकडे झुकतो. शाळा आणि स्टेशन ही छोटी, थांबत-थांबत होणारी धाव आहे. तिथे माइल्ड हायब्रिड आणि पूर्ण हायब्रिड यांतला फरक कळतो. माइल्ड हायब्रिडची लहान मोटर इंजिनाला टेकू देते, ती एकटी गाडी चालवत नाही. कोरोला मात्र गर्दीत बराच वेळ निव्वळ विजेवर सरकत राहते. तिच्यात नेहमीच्या अर्थाने क्लचच नाही. इंजिन, दोन मोटरी आणि दातेरी चक्रांचा एक संच एवढ्यावर काम चालते. याउलट १.५ लिटरच्या ऑक्टाव्हियाला सात गिअरचा डीएसजी आहे आणि त्याचे क्लच कोरडे आहेत. हा गिअरबॉक्स मोटरवेवर उत्तम चालतो, पण रांगेत इंच-इंच सरकवत राहणे त्याला मानवत नाही.

कोरोलाच्या दोन उण्या बाजूही सांगतो. एम४ वर चढणीला जोर दिला की इंजिनाचा आवाज चढतो आणि काही वेळ चढलेलाच राहतो. २०२३ च्या सुधारणेनंतर १.८ ची ताकद १२२ वरून १४० पीएस झाली, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे, पण संपलेला नाही. २४ प्लेट म्हणजे तुम्हाला सुधारित गाडीच मिळेल, तरी जाहिरातीत खात्री करून घ्या. दुसरे म्हणजे तिची १२ व्होल्टची छोटी बॅटरी. आपण डिसेंबरात महिनाभर भारतात जातो आणि गाडी थंडीत दारात उभी राहते; परत येऊन सामानासह उभे राहावे तर गाडी उघडतच नाही. शेजाऱ्यांना अधूनमधून गाडी तासभर सुरू ठेवायला सांगावे, किंवा बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावून जावे.

सुमेधा_लेस्टर

उत्तरायण यांच्या क्लचविषयीच्या मुद्द्याशी मी अंशतः असहमत आहे. गाडी रांगेत उभी असताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवला आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच सोडला, तर क्लचवर विनाकारण ताण येत नाही. ही सवय आठवडाभरात लागते. ऑक्टाव्हियात मला खरोखर न आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एसी आणि हीटरसाठी फिरवायची बटणे नाहीत, सगळे स्क्रीनवर. पावसात काच धुरकट झाली असताना स्क्रीनवर बोट शोधत बसावे लागते. चाचणीसाठी जाल तेव्हा हे चालत्या गाडीत, शेजारी बसलेल्या माणसाकडून करून पाहा.

कऱ्हाकाठ

मी सासवडचा, इंग्लंडातल्या बाजाराशी माझा संबंध नाही, पण आई-बाबांच्या बाजूने लिहावेसे वाटले. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात आणि गाडी घेताना आम्ही सगळे सोडून सीटची उंची पाहिली. इस्टेट म्हणजे सेडानइतकी खाली. वयस्कर माणसाला खाली बसणे जमते, उठताना त्रास होतो. आपल्याकडे इस्टेट न चालण्याची कारणे अनेक सांगतात. टाटांची इस्टेट १९९२ साली पुण्यातूनच आली, पुढे बलेनो अल्टुरा झाली, इंडिगो मरीना झाली, ऑक्टाव्हिया कॉम्बीही झाली, आणि एकही टिकली नाही. लोक लांबी आणि किंमत यांबद्दल बोलतात, पण माझ्या मते खड्डे, गतिरोधक आणि घरातली ज्येष्ठ मंडळी यांनी आपला कौल उंच गाड्यांना दिला. तुमच्या बाबांना आवडेल का, हे त्यांनाच विचारा.

थेम्सकाठी

कऱ्हाकाठ, मनापासून आभार. बाबांशी काल व्हिडिओ कॉलवर बोललो. त्यांचे गुडघे ठीक आहेत, पण आईला उठताना हाताचा आधार लागतो. आता चाचणीच्या वेळी मागच्या दाराची रुंदी आणि वरच्या हँडलची जागा नीट पाहणार आहे.

हिरकणी_म्युनिक

जर्मनीतली पद्धत सांगते, कारण ती तुमच्या प्रश्नाशी अगदी जुळते. इथे इस्टेटला कॉम्बी म्हणतात आणि ती रस्तोरस्ती दिसते. वर्षभर वापरलेल्या गाडीला इथे यारेसवागेन असे स्वतंत्र नावच आहे. मोटार कंपन्यांचे कर्मचारी सवलतीत कोरी गाडी घेतात आणि वर्षभराने विकून पुढची घेतात. अशा गाडीचा मालक एकच, सर्व्हिस वेळेवर आणि वापर घरगुती असतो, म्हणून तिला मागणी असते. माझा सल्ला हाच की गाडी किती जुनी आहे यापेक्षा ते वर्ष तिने कोणाच्या हाती काढले, हे आधी विचारा.

निळी_छत्री

हिरकणी यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. मी इथे वाहनकर्जाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे कागदांकडे माझे लक्ष अधिक जाते.

जवळपास नवी म्हणून विकली जाणारी गाडी चार-पाच वाटांनी आलेली असू शकते. डीलरने विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी स्वतःच्या नावावर नोंदवलेली, ग्राहकांना चाचणीसाठी दिलेली, भाड्याच्या ताफ्यातली, कंपनीच्या कर्मचाऱ्याची किंवा मुदतीआधी परत आलेली लीजवरची. पहिल्या प्रकारात मैल जवळजवळ नसतात, मात्र वॉरंटी तुमच्या खरेदीपासून नव्हे तर पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. भाड्याची गाडी वाईटच असते असे नाही, पण अनेक हातांनी थंड इंजिनावर पळवलेली आणि फुटपाथला घासलेली असण्याची शक्यता अधिक. लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हे नोंदणीपत्र, पाहायला मागा आणि आधीचा कीपर, म्हणजे नोंदीतला ताबेदार, व्यक्ती आहे की कंपनी ते वाचा. दोन्ही किल्ल्या हातात घेऊन चालवून पाहा.

पहिली एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, तीन वर्षांनी असल्याने २४ प्लेटच्या गाडीचा एमओटीचा इतिहास अजून तयारच झालेला नसतो. त्यामुळे मैलांची खात्री सर्व्हिसच्या नोंदींवरूनच करावी लागते. वर्षाची गाडी आहे आणि पहिली सर्व्हिस झालेली नाही, असे दिसले तर तिथेच थांबा. गाडीवर कोणाचे कर्ज शिल्लक आहे का आणि अपघातानंतर विमा कंपनीने तिला कॅट एस (सांगाड्याचे नुकसान) किंवा कॅट एन (सांगाडा सोडून इतर नुकसान) ठरवले आहे का, हे काही पौंड भरून स्वतः तपासा. डीलर तपासणीचा कागद दाखवतो, तरीही.

हक्कांविषयी थोडे. डीलरकडून घेतलेल्या गाडीला २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागू होतो. पहिल्या ३० दिवसांत गंभीर दोष निघाला तर गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे मानले जाते आणि तसे नव्हते हे डीलरला सिद्ध करावे लागते. मात्र त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. खासगी विक्रेत्याकडून घेतल्यास यातले फारच थोडे हाती राहते. अनामत रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. गाडीची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजारांपर्यंत असेल, तर किमतीचा थोडासा भाग कार्डाने भरला तरी १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टमधील कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही.

ग्यानबा

स्कोडाचीच सुपर्ब इस्टेट का नाही कोणी सुचवत? आधीच्या पिढीची डिकी ६६० लिटर आणि मागे पाय पसरून बसता येते.

निळी_छत्री

सुपर्ब अप्रतिम आहे, पण तिथे एक खाचखळगा आहे. गाडी नवी असताना तिची यादीतली किंमत ४० हजार पौंडांच्या वर असेल, तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे रस्त्याच्या करावर अधिभार लागतो. २०२५-२६ साठी नेहमीचा कर १९५ आणि अधिभार ४२५, म्हणजे त्या वर्षाचे ६२० पौंड. तुम्ही ती २३ हजारांना घेतली तरी सूट मिळत नाही, कारण कर यादीच्या किमतीवर ठरतो आणि त्यात जादा बसवून घेतलेल्या सोयीही धरल्या जातात. जवळपास नव्या गाडीच्या खरेदीदाराला अधिभाराची बहुतेक सगळी वर्षे भरावी लागतात.

उत्तरायण

वॉरंटीचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या दृष्टीने दीड हजारांच्या फरकाचे उत्तर तिथेच आहे. इथे स्कोडाची वॉरंटी तीन वर्षे किंवा ६० हजार मैल. २४ प्लेटच्या गाडीची त्यातली बरीचशी संपलेली आहे. टोयोटाचीही मूळ वॉरंटी तीनच वर्षांची, पण पुढे अधिकृत डीलरकडे प्रत्येक सर्व्हिस केली की आणखी १२ महिने किंवा १० हजार मैलांची वॉरंटी मिळते, आणि हे दहा वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत चालते. तुम्ही गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असाल, तर हा फरक दीड हजारांहून मोठा आहे. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर सुमेधाताईंचे म्हणणे बरोबर, ऑक्टाव्हिया घ्या. किआ सीड स्पोर्ट्सवॅगनही विसरू नका; डिकी ६२५ लिटर आणि सात वर्षांची वॉरंटी, जी पुढच्या मालकाकडे जाते.

दर्यावर्दी

सुझुकी स्वेस म्हणून मिळते ती गाडीही मुळात कोरोला टूरिंग स्पोर्ट्सच आहे. जवळपास मिळत असेल तर तिचीही किंमत विचारून पाहा.

ग्यानबा

एक हिशेब धागाकर्त्यांनी अवश्य करावा. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा नव्यापेक्षा चढा असतो, आणि नव्या गाड्यांवर कंपन्या कधीकधी बिनव्याजी कर्ज देतात. मासिक हप्ता पाहू नका. शेवटपर्यंत एकूण किती पैसे जाणार तो आकडा दोन्हीकडे लिहून मागा. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने हा आकडा मांडला, तेव्हा वर्षभर वापरलेली गाडी कोऱ्यापेक्षा जेमतेम सातशे पौंडांनी स्वस्त निघाली आणि त्यांनी कोरी घेतली.

थेम्सकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी दोन्ही गाड्या पाहून आलो, मुलांच्या दोन्ही सीट आणि घरातल्या तीन मोठ्या बॅगा घेऊन.

ऑक्टाव्हियात मागची जागा निर्विवादपणे अधिक आहे आणि सुमेधाताईंनी सांगितल्याप्रमाणे डिकी चौकोनी, वापरायला सोपी आहे. मात्र त्या गाडीचा आधीचा कीपर भाड्याने गाड्या देणारी कंपनी निघाली, किल्ली एकच होती, आणि पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी तीन मिलिमीटरवर आली होती. कायदा १.६ पर्यंत चालवून घेतो, तरी हिवाळ्याआधी ते बदलावेच लागले असते. विक्रेत्याने दुसरी किल्ली शोधून देतो असे तोंडी सांगितले, लिहून द्यायला तो तयार झाला नाही.

कोरोला डीलरच्या चाचणीच्या ताफ्यातली, नऊ हजार मैलांची, पहिली सर्व्हिस तिथेच झालेली. बॅगा तिन्ही बसल्या. चौथी उभी ठेवली असती तर मागची काच अडली असती. मागे पाय ठेवायला जागा ऑक्टाव्हियापेक्षा कमी आहे हे खरे. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये मी स्वतः बसून पाहिले आणि दर्यावर्दी यांचे म्हणणे पूर्णपणे पटले: तिथे कोणालाही बसवायचे नाही. लांबच्या सहलीला सात जणांची गाडी भाड्याने घ्यायची, असे ठरवले आहे. आम्ही गाड्या लवकर बदलत नाही, म्हणून उत्तरायण यांचा वॉरंटीचा मुद्दा निर्णायक ठरला. ग्यानबांनी सांगितलेला हिशेबही मांडला. कर्ज डीलरकडून न घेता बँकेकडून घेतल्यास कोऱ्या कोरोलाच्या तुलनेत चांगलीच बचत होते. कोरोलासाठी क्रेडिट कार्डाने अनामत भरली आहे. गुरुवारी गाडी ताब्यात मिळेल.

सुमेधा_लेस्टर

अभिनंदन. ती विशिष्ट ऑक्टाव्हिया सोडली हे योग्यच झाले. चांगल्या हातातली दुसरी मिळाली असती तर मी अजूनही तिचाच आग्रह धरला असता, कारण मुलगी बारा-तेराची झाली की मागची ती जागा रोज लागेल.

निळी_छत्री

अभिनंदन. गुरुवारसाठी दोन व्यावहारिक सूचना. इथे आधीच्या मालकाने भरलेला रस्त्याचा कर गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे डीलरच्या आवारातून निघण्यापूर्वी कर तुमच्या नावाने भरलेला असला पाहिजे. लॉगबुकवरची हिरवी न्यू कीपर स्लिप मागून घ्या. तिच्यावर १२ अंकी क्रमांक असतो, तो टाकला की फोनवरून दोन मिनिटांत कर भरता येतो. विमाही निघण्याच्या आधीपासून सुरू झालेला हवा. आणि गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा, पावसाचे पाणी अंगावर असताना रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत.

थेम्सकाठी

कळले. विमा बुधवारी मध्यरात्रीपासून सुरू करतो आणि डीलरला सकाळी अकराची वेळ कळवतो.